नाण्यावरची खूण: टांकसाळीतली की वाटेवरची?

नाणी जमवण्याचा छंद असलेला एखादा तरी विद्यार्थी प्रत्येक शाळेत असतोच. त्याच्या डबीत एखादे कड तुटलेले, एखादे दुहेरी अक्षरांचे, तर एखादे उगाचच पातळ झालेले नाणे सापडते. मग प्रश्न येतो, ‘सर, हे टांकसाळीत चुकलेलं दुर्मिळ नाणं आहे का?’ पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असे असते. पण ‘नाही’ म्हणून विषय संपवण्यापेक्षा ‘कसे ओळखायचे?’ असे विचारले, तर त्या डबीतून धातुविज्ञान, यंत्रांचा इतिहास आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एक महत्त्वाचा पुरावा, अशा तिन्ही गोष्टी बाहेर काढता येतात.

नाण्याच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. टांकसाळीत ते घडते तो पहिला भाग आणि तिथून बाहेर पडल्यावर हातोहात फिरते, जमिनीत पुरले जाते, दागिन्यात जडवले जाते तो दुसरा. पहिल्या भागात जे बिघडते तो टांकसाळीचा दोष; दुसऱ्या भागात जे बिघडते ती इजा. दोन्हींच्या खुणा वरवर सारख्या दिसतात, परंतु त्या घडण्याची रीत निराळी असल्यामुळे बारकाईने पाहिल्यास वेगळ्या काढता येतात.

खोल की उंच?

नाणे पाडायला तीन गोष्टी लागतात: धातूची कोरी चकती, दोन ठसे आणि आघात. जुन्या काळी खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. ठशावर चित्र आणि अक्षरे उलटी व खोलगट कोरलेली असतात. आघाताने चकतीचा धातू त्या खोलगट भागात शिरतो आणि नाण्यावर सुलटी, उठावाची छाप उमटते.

एवढे लक्षात घेतले की पहिली कसोटी आपोआप हाती येते. ठशाला तडा गेला, तर त्या तड्यात धातू शिरेल आणि नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ दिसेल. त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती त्याच जागी येईल. नाणे पडल्यानंतर त्याच्यावर खिळ्याने रेघ ओढली, तर ती खोल असेल आणि बाजूला सरकलेल्या धातूची किनार तिच्या काठाशी भिंगातून दिसेल. ठशावरचा ओरखडा नाण्यावर उंच आणि नाण्यावरचा ओरखडा खोल, हा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो.

पेशवाईतील रुपये या नियमाचे चांगले उदाहरण आहेत. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह दिसते. ते उठावाचे आहे, म्हणजे ठशातच कोरलेले आणि टांकसाळीने दिलेले आहे. त्याच रुपयांवर पुष्कळदा लहान खोलगट खुणाही आढळतात. नाणे पारखताना सराफांनी आणि पोतदारांनी मारलेल्या या खुणा. चांदीच्या मुलाम्याखाली तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी ते टोचा मारत. अशा खुणांच्या किंवा झिजलेल्या नाण्यावर घेणारा बट्टा कापून घेई. ‘बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार या नाण्यांच्या व्यवहारातला आहे. एकाच रुपयावर टांकसाळीची खूण उंच आणि बाजाराची खूण खोल, अशा दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

मात्र हाताने पाडलेल्या नाण्यांबाबत एक सावधगिरी हवी. त्या काळी ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर राहणे ही नेहमीचीच गोष्ट होती. शिवराईवर एखादे अक्षर अर्धवट आले किंवा छाप एका बाजूला सरकली, तर तो दोष मानत नाहीत. शिवराईच्या लेखात ऱ्हस्वदीर्घाचे आणि ‘शिव’–‘सिव’ असे अनेक पाठभेद मिळतात. ते ठसे कोरणाऱ्यांच्या हातचे आहेत. नंतरच्या इजेशी त्यांचा काही संबंध नाही. एका काळातला दोष दुसऱ्या काळातली रीत असू शकतो, हे इतिहासाच्या शिक्षकांनी मुद्दाम सांगावे.

कड कापणाऱ्यांचा काळ

नाण्याला होणाऱ्या इजेमुळे एखाद्या देशाचा व्यवहारच कोलमडू शकतो, हे सतराव्या शतकात इंग्लंडने अनुभवले. तिथे हाताने पाडलेली जुनी चांदीची नाणी चलनात होती. त्यांची कड मुळातच वेडीवाकडी असल्याने लोक ती थोडी थोडी कातरून चांदी चोरत. अपराधाला मृत्युदंड असूनही हे थांबले नाही. शतकाच्या शेवटी चलनातील पुष्कळ नाण्यांचे वजन जवळजवळ निम्म्यावर आले होते. पूर्ण वजनाची नवी नाणी लोक घरात दडवून ठेवत आणि हलकी नाणी दुसऱ्याच्या गळ्यात मारत. ज्याच्याकडे साठवायला काही नव्हते आणि मजुरीत हलकीच नाणी मिळत, त्याचे नुकसान अर्थात सर्वांत जास्त.

१६९६ मध्ये इंग्लंडने जुनी नाणी परत घेऊन नवी पाडण्याचे मोठे काम सुरू केले. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीचे वॉर्डन झाले आणि १६९९ मध्ये टांकसाळीचे प्रमुख. यंत्राने पाडलेल्या नव्या नाण्यांच्या कडेवर बारीक रेघा किंवा अक्षरे असत. कड कातरली की रेघा तुटत आणि चोरी लगेच उघडी पडे. आपल्या खिशातील काही नाण्यांच्या कडेवर आजही असलेल्या रेघांचे मूळ हे आहे. टांकसाळीचे काम आणि नंतरची इजा यांतील फरक कोणालाही डोळ्यांनी ओळखता यावा, म्हणून केलेली ही योजना होती.

यंत्र आले, दोष बदलले

अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅथ्यू बोल्टन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे वाफेच्या शक्तीवर नाणी पाडायला सुरुवात केली. मुंबईची टांकसाळ १८२९ मध्ये उभी राहिली, तीही वाफेच्या यंत्रांची. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा एकच रुपया ठरला. यंत्रामुळे नाणी एकसारखी झाली. नाणी एकसारखी झाल्यामुळेच चुकलेले नाणे उठून दिसू लागले.

यंत्राच्या टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापल्या जातात, त्यांची कड दाबून किंचित उचलली जाते, तापवून त्या मऊ केल्या जातात आणि मग एका कड्यात धरून दोन ठशांमध्ये दाबल्या जातात. प्रत्येक पायरीवर वेगळी चूक संभवते.

पट्टीत आधीच पडलेल्या भोकावर कापणी झाली, तर चकतीचा चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. असे नाणे खरे की कोणी नंतर कापलेले? यासाठी तुटलेल्या जागेच्या नेमके समोर पाहावे. कड उचलण्याच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल, तर समोरच्या बाजूवरही पुरेसा दाब येत नाही आणि तिथली कड अस्पष्ट राहते. शिवाय खऱ्या दोषात तुटक्या जागेजवळची अक्षरे हळूहळू फिकट किंवा ओढल्यासारखी होत जातात, कारण छाप पडताना धातू त्या मोकळ्या बाजूकडे सरकलेला असतो. नंतर कापलेल्या नाण्यात समोरची कड शाबूत असते आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटलेली दिसतात.

कधी आधीचे नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहते. पुढची चकती आली की त्या चिकटलेल्या नाण्याचीच छाप तिच्यावर उलटी आणि खोलगट उमटते. रोमन काळापासून असे नमुने सापडतात. याची नक्कल करण्यासाठी लोक दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळतात. पण तसे केल्यावर मूळ उठावाची छाप उलट्या छापेखाली कुठेतरी शिल्लक राहते आणि दुसरी बाजू चपटी होते. एकाच पृष्ठावर टांकसाळीचे चित्र आणि दुसऱ्या नाण्याची उलटी खूण दोन्ही दिसत असतील, तर संशय घ्यावा.

नाणे पातळ असले तर वजनाबरोबर छापही पाहावी. चकतीच पातळ असेल, तर चित्राचे सर्वांत उंच भाग नीट भरत नाहीत, पण बाकीची छाप स्पष्ट असते. आम्लात बुडवलेल्या नाण्याचा धातू सर्व बाजूंनी झडतो. अक्षरे विरघळल्यासारखी मऊ होतात आणि कडही बारीक होते. हातोड्याने ठोकलेले नाणे पसरून रुंद होते, पण त्याचे वजन जवळपास तेवढेच राहते. धातू सरकला की नाहीसा झाला, हे तराजू सांगतो.

अमेरिकेतील तीन नाणी

यंत्रयुगातील दोषांची तीन प्रसिद्ध उदाहरणे अमेरिकेची आहेत. खऱ्याखोट्याचा निवाडा कसा करतात, हे त्यांवरून कळते.

१९३७ मध्ये डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटच्या ‘बफेलो’ नाण्याचे दोन ठसे मध्ये चकती नसताना एकमेकांवर आदळले. त्यांच्यावर उमटलेल्या खुणा घालवण्यासाठी कामगाराने ठसा घासला आणि त्या भरात रानगव्याचा पुढचा एक पाय नाहीसा झाला. पुढे या तीन पायांच्या गव्याला मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा लोक साध्या नाण्यावरचा पाय खरवडू लागले. पण अस्सल नाण्यावर गव्याच्या पोटाखाली उंचवट्याच्या बारीक ठिपक्यांची ओळ असते. ती त्या एका ठशाची खूण आहे. खरवडणाऱ्याला पाय काढता येतो. उंचवटे निर्माण करणे त्याला जमत नाही.

१९४३ मध्ये युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून अमेरिकेने एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. यंत्रात मागे राहिलेल्या थोड्या कांस्य चकत्यांवरही त्या वर्षाची छाप पडली आणि ती नाणी अतिदुर्मिळ ठरली. साहजिकच पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देऊन ती खपवली जाऊ लागली. त्यांच्यासाठी लोहचुंबक पुरेसा आहे: पोलादी नाणे चिकटते, कांस्याचे चिकटत नाही. वजनही सांगते: पोलादी नाणे २.७ ग्रॅम, कांस्याचे ३.११ ग्रॅम. पण १९४८ च्या कांस्य नाण्यावरील आठाचा भाग खरवडून तीन केला, तर चुंबक आणि तराजू दोन्ही फसतात. तिथे पुन्हा भिंग घेऊन आकड्याचा आकारच तपासावा लागतो. एका कसोटीवर विसंबू नये, हा धडा त्यातून मिळतो.

१९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका ठशावर मूळ प्रतिमा दोनदा दाबताना ती किंचित फिरली. त्यामुळे त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक सेंटवर वर्ष आणि अक्षरे ठळक दुहेरी आली. चूक लक्षात आली तेव्हा सुमारे वीस ते चोवीस हजार नाणी चांगल्या नाण्यांच्या प्रचंड ढिगात मिसळून गेली होती. ढीग वितळवण्याऐवजी टांकसाळीने ती तशीच जाऊ दिली. सिगारेटच्या यंत्रांतून पाकिटासोबत मिळणाऱ्या सुट्या पैशांत ती अनेकांच्या हाती आली. अशा ठशाच्या दुहेरीपणात दोन्ही अक्षरे पूर्ण, गोलाईदार आणि वेगवेगळी दिसतात. छाप पडताना ठसा सैल असून हलला, तर अक्षराच्या बाजूला नुसती चपटी पायरी तयार होते. अशी नाणी मुबलक असतात आणि त्यांना वेगळी किंमत नसते.

जोगलटेंभीचा साठा

आता आपल्या मुलखात येऊ. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि मुळात ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपान याची. एका बाजूला राजाचे मुख आणि भोवती ग्रीक अक्षरांतला लेख, दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठीतील लेख. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाणी ‘बिघडलेली’ होती. राजाच्या चेहऱ्यावर कमानींच्या डोंगराचे चिन्ह आले होते, तर दुसऱ्या बाजूवर चार वर्तुळे जोडलेले, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात, ते.

आपल्या कसोट्या इथे लावून पाहू. ही चिन्हे उठावाची आहेत, म्हणजे कोरलेल्या ठशातून आलेली आहेत. ती दोन्ही बाजूंना आहेत. सराफाच्या टोच्यासारखी एका कोपऱ्यात नाहीत. चिन्हे हजारो नाण्यांवर तीच आहेत आणि सातवाहनांच्या इतर नाण्यांवरही आढळतात. डोंगराभोवती ब्राह्मीत गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव आहे. आणि नव्या छापेखालून कुठे नहपानाचे नाक, कुठे जुन्या लेखाचे अक्षर डोकावते. तेव्हा ही इजा नव्हे आणि टांकसाळीची चूकही नव्हे. नहपानाचे तयार नाणेच कोरी चकती म्हणून वापरून त्यावर दुसऱ्या राजाने जाणूनबुजून आपली छाप मारली. चांदी वितळवण्याचा, चकत्या पाडण्याचा खटाटोप त्यात वाचला.

यातून इतिहासाला काय मिळाले? खालची छाप आधीची आणि वरची नंतरची, हा क्रम नाण्यावरच लिहिलेला आहे. शिवाय साठ्यात दुसऱ्या कोणत्याही क्षत्रपाची नाणी नसल्याने, नहपानाच्या चलनावर थेट सातकर्णीचीच छाप पडली, असे अनुमान निघते. दोघांमधले अंतर फार मोठे मानता येत नाही.

पण नाण्याला मर्यादा असते हेही पाहिले पाहिजे. छाप मारली म्हणजे युद्धात जिंकले, असे नाणे स्वतः सांगत नाही. त्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांकडे जावे लागते. तिथे गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातला लेख आहे. विजयी सेनेच्या तळावरून दिलेल्या त्या आज्ञेत पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दान केले आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. त्याचे स्वतःचे लेखही त्याच डोंगरात आहेत आणि सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, असा नाण्यांचा हिशेब त्यांतल्या एकात मिळतो. पुढे गौतमीपुत्राची आई बलश्री हिने कोरवलेल्या लेखात, मुलाने क्षहरात वंशाचा नाश केल्याचे सांगितले आहे. राजाच्या आईने केलेली स्तुती एरवी अतिशयोक्ती म्हणून सोडून देता आली असती. पण शेताची आज्ञा आणि नऊ हजार नाणी तिला दुजोरा देतात. हे तीन पुरावे वेगवेगळ्या कारणांनी निर्माण झाले आणि एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून ते बळकट ठरतात.

समजा, साठा सापडल्यावर ही नाणी कोणी खराब समजून वितळवली असती, किंवा वरची ‘घाण’ निघावी म्हणून घासली असती, तर? वजनाने चांदी तेवढीच मिळाली असती आणि सातवाहनांच्या इतिहासातील एक दुवा कायमचा गेला असता. जुन्या नाण्यांच्या बाबतीत हे फार वेळा घडले आहे. दागिन्यासाठी त्यांना नाके डाखली जातात, भोके पाडली जातात, चिंचेने आणि राखेने ती लखलखीत केली जातात. नाण्यावरचा काळपट थर ही घाण नसून, पुष्कळदा पृष्ठाचे रक्षण करणारा आणि जुनेपणाची साक्ष देणारा थर असतो. मुलांना हे आवर्जून सांगावे.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सारे मातीवर करून दाखवता येते. मऊ शाडूच्या गोळ्यावर नाणे दाबा. उलटा, खोलगट ठसा मिळेल. त्यात टाचणीने एक रेघ ओढा आणि तो वाळू द्या. मग किंचित तेल लावून त्यात दुसरा मऊ गोळा दाबा. सुलटे ‘नाणे’ मिळेल आणि टाचणीची रेघ त्यावर उंच येईल. आता त्या मातीच्या नाण्यावर थेट रेघ ओढा. ती खोल येईल. तोच गोळा ठशात किंचित फिरवून दुसऱ्यांदा दाबला, तर दुहेरी छाप मिळेल. शेवटी त्यावर वेगळ्या नाण्याचा ठसा हलकेच दाबा. खालची छाप कुठे टिकते आणि कुठे पुसते हे मुलांना स्वतः पाहू द्या. जोगलटेंभी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

घरातली जुनी नाणीही उपयोगी पडतील. वर्षाखाली चौकट असेल तर मुंबईची, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची आणि काही चिन्ह नसेल तर कोलकात्याची टांकसाळ. चुंबक लावल्यास १९९२ पासूनचा पोलादी रुपया चिकटेल. त्याआधीचा, १९७५ नंतरचा तांबे-निकेलचा रुपया चिकटणार नाही. आणि १९६० च्या दशकातला शुद्ध निकेलचा रुपया मिळाला तर तोही चिकटेल! असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. मात्र नाणी ठोकून, घासून किंवा आम्लात टाकून प्रयोग करू नयेत. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. त्याशिवाय, ज्या खुणा वाचायला आपण शिकवतो, त्याच आपण पुसून टाकू.

विद्यार्थी डबी घेऊन आला, की त्याला चार प्रश्न द्यावेत. खूण खोल आहे की उंच? धातू कमी झाला आहे की फक्त सरकला आहे? हे नाणे हाताने पाडलेले की यंत्राने? आणि अशीच खूण त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर दिसते का? त्याचे नाणे बहुधा दुर्मिळ निघणार नाही. पण का निघाले नाही, हे तो पुराव्यानिशी सांगू लागेल.